सारख्याच दिसणाऱ्या दोन बॅटऱ्या: आरव्हीच्या डीप सायकल बॅटरीची गोष्ट

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातलं थोडं आवरून घेतलंय, बाकी रेकॉर्ड केलं तसंच आहे.

अमेरिकेतल्या कुठल्याही ऑटोपार्ट्सच्या दुकानात गेलात तर रॅकवर काळ्या प्लास्टिकच्या पेट्या ओळीने मांडलेल्या दिसतील. साइज जवळपास तीच. वर दोन टर्मिनल. आत शिसं आणि ॲसिड. व्होल्टेज १२. पण एकीवर लिहिलेलं असतं ‘स्टार्टिंग’, दुसरीवर ‘डीप सायकल’ आणि तिसरीवर ‘मरीन/आरव्ही’. नवखा माणूस काय करतो? स्वस्तातली उचलतो. बॅटरी ती बॅटरीच ना!

मग एखाद्या हिवाळ्यात तो आरव्ही घेऊन डोंगरात जातो. आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल: झोपायला पलंग, छोटासा ओटा, फ्रिज, बाथरूम असलेली गाडी किंवा गाडीमागे ओढायचा ट्रेलर. रात्री दोनच्या सुमाराला हीटरचा पंखा हळू होतो आणि थांबतो. हीटर गॅसवर चालतो, पण गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर. बाहेर पाणी गोठतंय, आत लहान मुलं झोपलीत. अशा वेळी घाबरून कोणी बंद जागेत किंवा खिडकीखाली जनरेटर लावतं, आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणसं जातात. म्हणजे चुकीची बॅटरी हा फक्त पैशांचा प्रश्न नाही.

आजच्या भागात मला एकच गोष्ट सांगायचीय. बॅटरी कशी निवडावी, कशी सांभाळावी याचे जे नियम आपल्याला यूट्यूबवर पाठ करायला लावतात, त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम इतिहासातल्या कुठल्या तरी खऱ्या अडचणीतून आलाय. अडचण कळली की नियम पाठ करावा लागत नाही. आणि तुम्ही आरव्हीत बसणार नसलात तरी ऐका, कारण तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल तर त्याखालची बॅटरी याच घराण्यातली आहे.

पॅरिस, १८५९: शिशाची सुरळीची वडी

१८०० साली व्होल्टाने बॅटरी केली, पण ती एकदा संपली की संपली. पुन्हा भरता येईल अशी पहिली बॅटरी केली गास्तों प्लांते या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने, १८५९ मध्ये. तेव्हा तो जेमतेम पंचवीस वर्षांचा होता. त्याने शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे रबराच्या पट्ट्या ठेवल्या, सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी केली आणि विरल सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली. १८६० मध्ये अशा नऊ सेलची बॅटरी त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

गंमत अशी, की ही बॅटरी चार्ज करायला तेव्हा कामाचा डायनॅमोच नव्हता. ती चार्ज करायची कशाने? जुन्या पद्धतीच्या एकदाच वापरायच्या सेलने! म्हणजे पॉवर बँक भरायला टॉर्चचे सेल लावण्यासारखं. त्यात पत्रे आधी ‘तयार’ करावे लागत. भरा, उतरवा, उलट भरा, परत उतरवा, असं कित्येक आठवडे. तेव्हा कुठे शिशाच्या पृष्ठभागावर वीज साठवणारा थर जमायचा.

आत नेमकं काय होतं, हे १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लॅडस्टन आणि ट्राइब या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी मांडलं. भरलेल्या बॅटरीत एका प्लेटवर शिशाचं डायॉक्साइड असतं, दुसरीवर मऊ सच्छिद्र शिसं. वीज काढत गेलं की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ॲसिडमधला सल्फेट प्लेटांत जातो आणि ॲसिड पाणचट होतं. चार्ज केलं की सगळं उलट.

आपला पहिला नियम इथेच आहे. हे लेड सल्फेट ताजं असताना त्याचे कण बारीक असतात, चार्जिंगला पटकन विरघळतात. बॅटरी उतरलेली तशीच ठेवली तर कण वाढत जाऊन कडक होतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत खडा होतो ना, तसं. मग चार्जर कितीही लावा, तो भाग परत कामाला येत नाही. याला म्हणतात सल्फेशन. शिशाची बॅटरी जास्त वापरल्याने मरते त्यापेक्षा रिकामी पडून राहिल्याने जास्त वेळा मरते.

शेंदूर, जाळी आणि अँटिमनी

१८८१ च्या सुमाराला कामीय फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने प्लांतेची आठवड्यांची मेहनत वाचवली. त्याने शिशाच्या ऑक्साइडची पेस्ट करून ती थेट प्लेटवर लिंपली. हे ऑक्साइड म्हणजे रेड लेड. आपल्याकडे मारुतीला पारंपरिकरीत्या जो शेंदूर लावत आले, तो बहुधा हाच. थर आयता मिळाला, क्षमता वाढली, कारखान्यात बॅटरी बनवणं शक्य झालं.

पण लिंपलेला थर गळून पडायला लागला. त्यावर त्याच वर्षी दोन उपाय आले. अर्नेस्ट फोल्कमारने सपाट पत्र्याऐवजी जाळी वापरली, म्हणजे पेस्ट जाळीच्या घरांत बसेल. जॉन सेलनने जाळीच्या शिशात अँटिमनी मिसळलं, कारण शुद्ध शिसं फार मऊ. आजही तुमच्या पाणी घालायच्या बॅटरीत हीच रचना आहे. दीडशे वर्षं जवळपास तोच कोड प्रॉडक्शनमध्ये चालू आहे म्हणा ना!

थर गळतो का? लेड सल्फेट जास्त जागा व्यापतं म्हणून. बॅटरी उतरली की थर फुगतो, भरली की आकसतो. जितकं खोल उतरवाल तितकं फुगणं-आकसणं मोठं. दरवेळी थोडी भुकटी सुटते आणि तळाशी गाळ साचतो. गाळ वाढून प्लेटांना टेकला की सेल शॉर्ट होतो, खेळ खलास.

म्हणजे बॅटरी बनवणाऱ्यापुढे पहिल्यापासून एक निवड होती. प्लेटा पातळ आणि पुष्कळ केल्या तर ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि झटक्यात प्रचंड करंट मिळतो. पण पातळ प्लेट पापडासारखी, खोल उतरवलं की लवकर झिजते. जाड प्लेट भाकरीसारखी: करंट सावकाश देते, पण शेकडो वेळा उतरवली तरी टिकते.

१९१२: वाट फुटते

१९०० च्या आसपास अमेरिकेत बनणाऱ्या मोटारींपैकी जवळपास एक तृतीयांश विजेवर चालायच्या. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून इलेक्ट्रिक टॅक्स्या होत्या. टॅक्सी स्टेशनात यायची, उतरलेली बॅटरी काढून भरलेली बसवायची आणि परत रस्त्यावर. बॅटरी स्वॅपिंगवर आज स्टार्टअप निघतात, हे तेव्हाच करून झालंय. पेट्रोलच्या मोटारींचा सम्राट हेन्री फोर्ड, पण त्याची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी चालवायची.

या गाड्यांच्या बॅटऱ्यांना रोज खोल उतरावं लागे, म्हणून त्या त्याच कामासाठी बनवल्या जात. फिलाडेल्फियाच्या इलेक्ट्रिक स्टोरेज बॅटरी कंपनीने १९०० मध्ये ‘एक्साइड’ हे नाव आणलं आणि १९१० च्या सुमाराला ट्यूब्युलर प्लेटची बॅटरी. जाळीऐवजी शिशाचे दांडे, आणि प्रत्येक दांड्याभोवती भेगा असलेली रबरी नळी. वीज साठवणारा माल नळीत कोंबलेला. फुगो, आकसो, बाहेर सांडायला जागाच कमी. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरच्या उंच ‘ट्यूब्युलर’ बॅटरीचं नाव इथून आलंय. नळी आता रबराची नसते, विणलेल्या कापडासारखी असते, एवढाच फरक.

मग १९१२ चं कॅडिलॅक मॉडेल आलं. तोपर्यंत पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे पुढून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट, जबडा, काहीही मोडायचं. चार्ल्स केटरिंगने यावर विजेचा स्टार्टर काढला. तो आधी दुकानातल्या कॅश रजिस्टरला मोटर बसवायचं काम करत होता. तिथे त्याला कळलं होतं, की मोटर फक्त काही क्षण चालवायची असेल तर छोट्या मोटरवरही दांडगा भार टाकता येतो. तीच युक्ती त्याने इंजिनाला लावली.

याचा परिणाम बघा. हँडल मारायचा त्रास संपला आणि इलेक्ट्रिक गाडीचा सगळ्यात मोठा फायदाच गेला. काही वर्षांत ती बाजारातून जवळपास बाहेर फेकली गेली. आणि बॅटरीचं काम बदललं. हिशोब करूया: स्टार्टर २०० अँपिअर घेतो, तीन सेकंद. म्हणजे ०.१७ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासाच्या बॅटरीतला हा अर्धा टक्कासुद्धा नाही! लगेच इंजिनावरचा डायनॅमो ती परत भरतो. अशा बॅटरीला खोल उतरायची वेळच येत नाही. मग जाड प्लेटा कशाला? पातळ करा, जास्त घाला, स्वस्त करा. जगात कोट्यवधींनी बनणारी बॅटरी ती हीच झाली, आणि ‘बॅटरी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे तीच यायला लागली.

शंभर मीटर धावणारा आणि पंढरीच्या वारीला चालणारा, दोघांनाही पाय दोनच. पण धावपटूला वारीला पाठवलं आणि तो तिसऱ्या मुक्कामाला बसला, तर दोष त्याचा नाही.

पुढे ही दरी आणखी वाढली. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या बेल लॅब्जने टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांसाठी अँटिमनीऐवजी कॅल्शियम मिसळलेलं शिसं वापरलं. त्याने पाणी कमी उडतं. १९७० च्या दशकात हेच मोटारींत आलं आणि ‘मेंटेनन्स-फ्री’ बॅटरी घरोघरी पोहोचली. पण अँटिमनी होतं तेव्हा ते थराला जाळीशी धरून ठेवायलाही मदत करत होतं. ते गेल्यावर सुरुवातीच्या या बॅटऱ्या वारंवार खोल उतरवल्या की लवकर दम सोडायच्या. पाणी घालायचा त्रास वाचला, पण मोटारीची बॅटरी घरच्या कामाला आणखीच निरुपयोगी झाली.

खोल उतरणाऱ्या बॅटऱ्या कुठे गेल्या?

त्या नजरेआड गेल्या. खाणीतली इंजिनं, गोदामातल्या फोर्कलिफ्ट, रेल्वे स्टेशनावरच्या सामानाच्या गाड्या. आणि पाणबुड्या. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी पाण्याखाली असताना बॅटरीवरच चालते. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस कलवरी २०१७ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाली. तिच्यात शिशाचे ३६० सेल आहेत, एकेक सुमारे ७५० किलोचा. तत्त्व मात्र प्लांतेच्या सुरळीच्या वडीचंच.

पाणबुड्यांनी दोन गोष्टी फार महागात शिकवल्या. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. दुसरं, समुद्राचं खारं पाणी बॅटरीच्या ॲसिडमध्ये गेलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. आरव्हीत पाणी घालायच्या बॅटरीची पेटी बंद असावी आणि तिची हवा बाहेर उघडणारी असावी, हा नियम हायड्रोजनचा आहे. ती झोपायच्या जागेत, पलंगाखाली मोकळी ठेवायची नाही.

आरव्हीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा नातेवाईक मात्र अगदीच साधा निघाला: गोल्फ कार्ट. १९५० च्या दशकात अमेरिकेत विजेच्या गोल्फ गाड्यांचं पेव फुटलं. दिवसभर मैदानात फिरायचं, रात्री चार्जिंगला लावायचं. म्हणजे रोजचं खोल उतरणं. कॅलिफोर्नियाच्या ट्रोजनसारख्या कंपन्यांनी यासाठी ६ व्होल्टची जाड प्लेटांची बॅटरी तयार केली. आज तिच्या साइजला जीसी-२ म्हणतात. साधारण २२० अँपिअर-तास, वजन २८-३० किलो. मागणी प्रचंड, त्यामुळे किंमत आटोक्यात. हौशी लोकांच्या लक्षात आलं, की अशा दोन एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या की १२ व्होल्टची दणकट घर-बॅटरी तयार.

चाकांवरचं घर

१९३० च्या दशकात वॉली बायमचे एअरस्ट्रीम ट्रेलर रस्त्यावर आले. १९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबागो कंपनीने मोटरहोम कारखान्यात रांगेने बनवायला सुरुवात केली आणि किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. सुरुवातीला विजेची गरज कमी होती. फ्रिज आणि शेगडी गॅसवर, बॅटरीवर चार दिवे आणि पाण्याचा पंप. मुक्काम कॅम्पग्राउंडवर असेल तर वायर लावली की झालं.

मग लोक वायरपासून लांब जायला लागले. याला तिकडे ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. हा शब्द फिलिपिन्सच्या टागालोग भाषेतल्या ‘बुंदोक’ म्हणजे डोंगर या शब्दावरून आलाय. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात दर हिवाळ्यात हजारो आरव्ही असाच तळ ठोकतात. तिथे ना प्लग, ना नळ. त्यात टीव्ही आला, लॅपटॉप आला, कॉम्प्रेसरचा फ्रिज आला, इन्व्हर्टरवरचा मायक्रोवेव्ह आला. झोपेत श्वास नीट राहावा म्हणून रात्रभर मशीन लावणारेही आले.

यातून आरव्हीत दोन बॅटऱ्यांची पद्धत रुजली. एक इंजिनाची, एक घराची. मधे आयसोलेटर, म्हणजे असा रिले किंवा सर्किट जो गाडी चालू असताना दोन्ही भरू देतो, पण थांबल्यावर घराचा भार इंजिनाच्या बॅटरीवर पडू देत नाही. साध्या भाषेत: रात्रभर फ्रिज चालला तरी सकाळी गाडी सुरू झालीच पाहिजे.

आणि ‘मरीन/आरव्ही’ लिहिलेली ती तिसरी बॅटरी? ती बहुतेक वेळा मधली तडजोड असते. छोट्या बोटीत एकच बॅटरी इंजिनही सुरू करते आणि दिवेही चालवते, त्या गरजेसाठी ती ठीक. घर-बॅटरी म्हणून घेताना लेबल वाचा. जिथे कोल्ड क्रँकिंग अँप्स हाच आकडा मोठ्या अक्षरात असेल, ती धावपटूच्या गोत्रातली. तुम्हाला हवा आहे अँपिअर-तासांचा आकडा, २० तासांच्या दराने मोजलेला.

पॉइकर्टचा हिशोब

२० तासांचा दर म्हणजे काय? १८९७ मध्ये विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने मोजून दाखवलं, की शिशाच्या बॅटरीतून वीज जितक्या घाईने काढाल तितकी एकूण कमी मिळते. १०० अँपिअर-तासाची बॅटरी ५ अँपिअरने २० तास चालते. मग २५ अँपिअरने ४ तास चालायला हवी. प्रत्यक्षात साधारण तीनच तास चालते. ॲसिडला प्लेटेच्या आतपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि घाईत तो मिळत नाही.

म्हणून निवड दुकानात करायची नाही, वहीत करायची. एका रात्र-दिवसाचं उदाहरण घेऊ. हीटरचा पंखा ७ अँपिअर, एकूण ५ तास: ३५. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद धरून दिवसाला ४०. दिवे ८, पंप २, फोन-लॅपटॉप १०. बेरीज ९५ अँपिअर-तास. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, कारण खोली वाढली की आयुष्याच्या फेऱ्या झपाट्याने घटतात. म्हणजे साधारण २०० ची बॅटरी हवी. गोल्फ कार्टच्या दोन सिरीजमध्ये जोडल्या की १२ व्होल्टला २२०. बसतं! सिरीजमध्ये व्होल्ट वाढतात, अँपिअर-तास तेच राहतात, हे विसरू नका.

मायक्रोवेव्हचं वेगळं. इन्व्हर्टरवरून तो १५०० वॅट घेतो म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअरच्याही वर. पॉइकर्टसाहेब तिथे पूर्ण वसुली करतात. इंजिन किंवा सोलर चालू असताना वापरा.

जेल, एजीएम आणि लिथियम

१९५७ मध्ये जर्मनीच्या सोननशाइन कंपनीत ओटो याखेने ॲसिडची जेली केली. सांडायची भीती गेली, पाणी घालणं गेलं. १९७० च्या दशकात अमेरिकेत गेट्स कंपनीने ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून घेतलं. हीच एजीएम. हलली-डुलली तरी चालते, पटकन चार्ज होते. पण दोन्ही बंद बॅटऱ्या आहेत. जास्त व्होल्टेजने चार्ज केल्या, तर उडालेलं पाणी परत घालता येत नाही. पाण्याच्या बॅटरीला १४.४ ते १४.८ व्होल्ट लागतात, जेलला साधारण १४.१. चार्जर बॅटरीच्या जातीप्रमाणे सेट केला नाही, तर महागडी जेल बॅटरी एका सीझनमध्ये वाळून जाते.

मग १९९७. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा पेपर छापला. पहिलं नाव होतं अक्षय पाधी, सोबत नंजुंडस्वामी. दोन्ही नावं आपल्याकडची. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी लिथियम बॅटऱ्यांच्या कामाबद्दल नोबेल मिळालं. आज आरव्हीतली ‘लिथियम’ बॅटरी म्हणजे बहुतेक वेळा हीच. शिशाच्या साधारण निम्म्या वजनात १०० अँपिअर-तास, त्यातले ८०-९० बिनधास्त वापरा, पॉइकर्टचा त्रास नावापुरता, अर्धवट भरलेली ठेवली तरी सल्फेशन नाही.

पण तिचे नियम वेगळे. शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, कारण लिथियमचा धातू आत साचतो आणि कायमचं नुकसान होतं. ती करंट इतका ओढते, की गाडीचा अल्टरनेटर तापून जळू शकतो, म्हणून मधे डीसी-डीसी चार्जर लागतो. व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, त्यामुळे व्होल्टमीटरवरून किती उरली ते कळत नाही. त्यासाठी शंटवाला मॉनिटर. वर्षातून दोनदा, प्लग असलेल्या कॅम्पग्राउंडवर जाणाऱ्याला हा सगळा खर्च करायची गरज नाही. महिनोन् महिने वाळवंटात राहणाऱ्याला तो वसूल होतो.

काळजी, कारणांसकट

आता शिशाच्या बॅटरीची काळजी पटापट. कारणं तुम्हाला आता माहीतच आहेत.

पाणी फक्त डिस्टिल्ड, आणि पूर्ण चार्जिंगनंतर घाला. चार्जिंगने पातळी वर येते, आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या दिसत असतील तर मात्र त्या बुडतील इतकं आधी घाला. ॲसिड कधीच घालायचं नाही, कारण उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. डोळ्यांना गॉगल, हातात मोजे, बोटातली अंगठी काढून ठेवा.

काही तास विश्रांती दिलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली. १२.१-१२.२ म्हणजे निम्मी, आता चार्जिंग. हायड्रोमीटर असेल तर उत्तम, तो प्रत्येक सेलचं वेगळं सांगतो. सहांपैकी एकच सेल मागे पडत असेल तर दुखणं तिथेच आहे.

गाडी हिवाळ्यासाठी उभी करताना पूर्ण चार्ज करा आणि निगेटिव्ह वायर काढा. सगळं बंद वाटलं तरी गॅसचा डिटेक्टर, रेडिओचं घड्याळ थेंब थेंब वीज पीत असतात. भरलेल्या बॅटरीचं ॲसिड उणे ५० अंशांतही गोठत नाही. पूर्ण उतरलेलीचं पाणचट ॲसिड उणे ७ ते १० च्या आसपास गोठतं आणि पेटी फुटते. (डिटेक्टर बंद असताना आत झोपायचं मात्र नाही!)

टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशी आली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. सोडा सेलच्या भोकात जाऊ देऊ नका. पुसून, घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावा. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नका, जुनी नवीला खाली खेचते.

आणि शेवटी बॅटरी मेलीच, तर ती दुकानात परत द्या. अमेरिकेत त्यासाठी डिपॉझिट घेतात आणि परत करतात. आपल्याकडे बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स, २०२२ प्रमाणे जुनी परत घेऊन पुनर्वापर करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. शंभर रुपये जास्त देतो म्हणून ती कुठल्याही भंगारवाल्याला दिली, तर शिसं उघड्यावर वितळवलं जाण्याची शक्यता असते. तो धूर आजूबाजूच्या लहान मुलांच्या मेंदूत जातो आणि ते नुकसान भरून निघत नाही.

आज वेळ मिळाला तर घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाण्याचे फ्लोट बघा. लोडशेडिंगच्या वर्षांत दर महिन्याला कोणी ना कोणी बघायचं. आता वीज कमी जाते, म्हणून ती बॅटरी कोपऱ्यात विसरली जाते. फ्लोट खाली गेले असतील तर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणा.

पुढच्या भागात बघू की रेल्वेच्या डब्यात दिवा आणि पंखा कसा आला. तोपर्यंत, ज्याला आरव्ही ट्रिपचं खूळ लागलंय त्याला हा भाग पाठवा. भेटूच!